दुरुस्तीच्या खुणा आणि स्थानिक इतिहास : अहिल्यानगर जिल्ह्यातील एका जुन्या पट्टाकरवतीच्या आधारे

प्रस्तावना :

औद्योगिक इतिहासाचा विचार करताना अभ्यासकाची दृष्टी प्रथम कापडगिरण्या, रेल्वे आणि साखर कारखाने यांकडे वळते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या बाबतीत हे स्वाभाविकही आहे. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये पार पडला आणि सहकाराच्या इतिहासात या जिल्ह्याचे नाव कायमचे कोरले गेले. मात्र त्या कारखान्याकडे ऊस वाहून नेणाऱ्या बैलगाडीचे लाकूड कोठे व कोणत्या यंत्रावर कापले गेले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत निबंधात एका जुन्या पट्टाकरवतीच्या आधारे या प्रश्नाकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. वखारीत या यंत्रास 'बँड सॉ' अथवा नुसते 'आरा मशीन' म्हणतात.

उद्दिष्ट व अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखकाने श्रीरामपूर परिसरातील एका बंद पडलेल्या वखारीतून ३० इंची चाकांचे एक यंत्र घरातील लहान कार्यशाळेसाठी विकत घेतले. त्याची किंमत यंत्र म्हणून ठरली नाही. सुमारे सहा क्विंटल बीड या हिशेबाने भंगाराच्या भावात ते मिळाले. यंत्र खोलून दुरुस्त करताना आढळलेल्या खुणांची नोंद ठेवली आणि अनेक वर्षे वखारीत पाते लावण्याचे काम केलेल्या एका वयोवृद्ध कारागिराकडून त्यांचा अर्थ समजून घेतला. एका यंत्रावरून संपूर्ण जिल्ह्याविषयी विधान करता येणार नाही, ही मर्यादा प्रारंभीच नमूद करणे आवश्यक आहे.

पट्टाकरवतीची पार्श्वभूमी :

अखंड पट्ट्याच्या करवतीचे पेटंट विल्यम न्यूबेरी या इंग्रजाने १८०८ मध्ये घेतले. परंतु पट्ट्याची दोन टोके जोडलेल्या ठिकाणी पाते वारंवार तुटत असल्याने ही कल्पना जवळपास चार दशके व्यवहारात येऊ शकली नाही. १८४६ मध्ये फ्रान्समधील ॲन पॉलिन क्रेपिन या महिलेने जोड देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे पॅरिस येथील पेरिन यांच्या कारखान्याने तिला उत्तम पोलादाची साथ दिली आणि यंत्र उपयोगी ठरले. म्हणजेच या यंत्राच्या इतिहासात मूळ कल्पनेइतकेच महत्त्व जोड देण्याच्या कौशल्याला आहे. तुटलेल्या पात्याला पितळी झाळ देऊन ते पुन्हा चाकावर चढविणारा वखारीतील कारागीर याच परंपरेचा वारस होय.

जिल्ह्यातील सुतारकाम :

त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र येते, त्यात सुतार हा थोरल्या ओळीतील बलुतेदार आहे. नांगर, कुळव, पाभर आणि गाडी ही त्याची कामे. विसाव्या शतकात या व्यवस्थेला अनेक दिशांनी धक्के बसले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या लोखंडी नांगराने लाकडी नांगराची जागा घेण्यास प्रारंभ केला. दुसरीकडे १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणामुळे प्रवरा खोऱ्यात उसाची शेती वाढली आणि बाभळीच्या मजबूत गाडीची गरजही वाढली. एक काम हातचे जात असताना दुसरे वाढत होते.

नगर शहरात अमेरिकन मराठी मिशनच्या सर डी. एम. पेटिट औद्योगिक कला शाळेत सुतारकामाचे शिक्षण दिले जात असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डी. सी. चर्चिल या अमेरिकन अभियंता-मिशनऱ्याने याच शहरात सुधारित हातमाग विकसित केला. मिशनने अहवाल लिहिले म्हणून या प्रयत्नांची माहिती आज मिळते. वखारीतील कारागिरांनी अहवाल लिहिले नाहीत. त्यांनी यंत्रे दुरुस्त केली. म्हणून त्यांची नोंद यंत्रावरच शोधावी लागते.

यंत्राचे वाचन :

सदर यंत्रावर निर्मात्याची पट्टी नाही. तथापि पुढील खुणा बोलक्या आहेत. खालच्या दांड्यावर शेजारी शेजारी दोन पुल्या असून एक दांड्याला पक्की बसविलेली, तर दुसरी मोकळी फिरणारी आहे. सपाट पट्टा एकीवरून दुसरीवर सरकवून यंत्र चालू वा बंद करण्याची ही रचना आहे. यावरून यंत्र मुळात तेलाच्या इंजिनावर अथवा सामाईक शाफ्टवर चालत असावे. विजेच्या मोटारीसाठीचा लोखंडी पाट नंतर जोडलेला आहे, हे त्याच्या वेगळ्या वेल्डिंगवरून दिसते. मूळ बोल्टांचे आटे इंची मापाचे, तर मोटारीकडचे मिलिमीटरचे आहेत. भारतात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला. मात्र लहान कारखान्यांत इंची माप त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिल्याने केवळ आट्यांवरून काळ ठरविणे योग्य होणार नाही.

टेबलाचे बीड एका कोपऱ्यात तडकलेले असून त्यावर पट्टी ठेवून रिव्हेट मारलेले आहेत. बीडाला वेल्डिंग सहजासहजी मानवत नाही, याची जाण त्यामागे आहे. बेअरिंगमधील पांढरा धातू जागेवरच ओतलेला आहे. पात्याला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या धातूच्या ठोकळ्यांच्या जागी तेलात भिजविलेले बाभळीचे तुकडे होते. प्रस्तुत लेखकाला तो प्रथम दुर्लक्षाचा प्रकार वाटला. उपरोक्त कारागिराने मात्र त्याचा उलगडा केला : लाकडाचा तुकडा पात्याचे दात खात नाही, झिजला तर वखारीतच दुसरा कापता येतो आणि त्यासाठी शहरात जावे लागत नाही. त्यांनीच दात घासण्याची व आळीपाळीने फाकविण्याची रीत हात धरून दाखविली. ती कोणत्याही पुस्तकावरून प्रस्तुत लेखकाच्या हाती आली नसती.

येथे एक चूक प्रांजळपणे नमूद करावी लागेल. नोंद घेण्यापूर्वीच वरच्या चाकाचा रंग तारेच्या ब्रशने खरवडून काढण्यात आला. त्या थरांत यंत्राच्या मालकीबद्दलचा व स्थलांतराचा काही पुरावा असल्यास तो कायमचा नष्ट झाला. त्यानंतर मात्र विजेची जोडणी बदलली, चाकांवर संरक्षक जाळी बसविली. परंतु रिव्हेटची पट्टी, मोकळी पुली व बाभळीचे ठोकळे हेतुतः तसेच ठेवले.

कायदा आणि भंगार :

गोदावर्मन खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर देशभरातील आरा गिरण्यांवर नियंत्रण आले. २००२ मध्ये केंद्रीय अधिकार समितीच्या पूर्वपरवानगीविना नव्या गिरण्यांना मान्यता देण्यास राज्यांना मनाई करण्यात आली. जंगलतोड रोखण्यासाठी हे आवश्यकच होते. तथापि लाकूड कापण्याचा परवाना यंत्र विकत घेणाऱ्याकडे आपोआप येत नाही. त्यातच बैलगाडीची जागा ट्रॅक्टरने व सागवानाची जागा प्लायवूडने घेतली. परिणामी बंद वखारीतील यंत्राला वजनाखेरीज मोल उरत नाही. प्रस्तुत यंत्रही आजवर केवळ भाराविना फिरवून पाहिले आहे. त्याच्या घरगुती वापराविषयी वनखात्याकडे लेखी विचारणा केली असून उत्तर येईपर्यंत त्यावर लाकूड चढविले जाणार नाही.

निष्कर्ष :

१. ग्रामीण यांत्रिकीकरणाचा पुरावा निर्मात्याच्या पट्टीपेक्षा दुरुस्तीच्या खुणांत अधिक सापडतो.

२. यंत्र आल्यामुळे कारागिराचे कौशल्य केवळ लोप पावले, हे विधान अपुरे आहे. त्या कौशल्याचा काही भाग यंत्र चालते ठेवण्याकडे वळला.

३. यंत्र दुरुस्त करताना प्रथम नोंद व नंतर सफाई हा क्रम पाळला पाहिजे.

नगर शहरातील रणगाडा संग्रहालयात अनेक देशांचे रणगाडे जतन केलेले आहेत आणि ते पाहण्यास दुरून लोक येतात. ज्या यंत्रांनी या जिल्ह्याच्या गाड्या, दारे व तुळया घडविल्या, त्यांची किमान छायाचित्रे, मापे आणि ती चालविणाऱ्यांच्या आठवणी महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून संकलित कराव्यात, असे सुचवावेसे वाटते. भंगाराचा ट्रक वखारीच्या दारात येण्यापूर्वी हे काम व्हावयास हवे.