चुकलेला फटका पुन्हा मारता येतो, पण किंमत मोजून!

कोल्हापूर - खासबागेच्या मैदानात मल्लाची पाठ एकदा मातीला लागली, की कुस्तीचा निकाल लागतो. चीत झालेल्या मल्लाला 'हा डाव पुन्हा खेळू' असे म्हणण्याची सोय नसते. नेमबाजीतही तेच. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले; त्यालाही सुटलेली गोळी परत मागता आली नसती. अशा परंपरेत वाढलेल्या क्रीडारसिकाला गोल्फमधील एक नियम म्हणूनच बुचकळ्यात टाकतो. फटका मनासारखा बसला नाही, तर खेळाडू पूर्वीच्याच जागी परतून तो पुन्हा मारू शकतो आणि तेही पूर्णपणे नियमाला धरून.

या तरतुदीला 'स्ट्रोक अँड डिस्टन्स' म्हणतात. नियमावलीतील १८.१ क्रमांकाचा हा नियम आहे. चुकलेला फटका मोजला जातो, त्यावर एका फटक्याचा दंड बसतो आणि चेंडूने कापलेले अंतरही गमवावे लागते. समजा, 'टी'वरून मारलेला पहिला फटका झाडीत गेला. खेळाडू माघारी येऊन पुन्हा चेंडू मारतो, तेव्हा तो त्याचा दुसरा नव्हे, तर तिसरा फटका असतो.

चेंडू हरवला किंवा हद्दीबाहेर गेला, तर सर्वसाधारणपणे हाच मार्ग उरतो. मात्र चेंडू डोळ्यांसमोर पडलेला असतानाही खेळाडू स्वेच्छेने हा पर्याय केव्हाही निवडू शकतो, हे अनेक हौशी खेळाडूंना ठाऊक नसते.

नियम जुनाच

ही सवलत आजकालची नव्हे. गोल्फची सर्वांत जुनी उपलब्ध नियमावली स्कॉटलंडमधील लीथ येथे १७४४ मध्ये तयार झाली. तिच्यात अवघे तेरा नियम होते. चेंडू हरवल्यास शेवटचा फटका जेथून मारला तेथे परत जावे आणि प्रतिस्पर्ध्याला एक फटका बहाल करावा, असा दंडक त्यांत होता. आज 'आर अँड ए' आणि 'यूएसजीए' या दोन संस्था जगभराची नियमावली ठरवितात. २०१९ मध्ये तिची मोठी फेररचना झाली, तरी हे मूळ तत्त्व कायम राहिले.

कधी फायद्याचे?

हिरवळीवरील, म्हणजेच 'ग्रीन'वरील उदाहरण बोलके आहे. उतारावरचा 'पट' जोरात बसला आणि चेंडू घरंगळत खोल बंकरमध्ये जाऊन पडला. तेथून बाहेर येण्यास दोन-तीन फटके लागण्याची भीती असेल, तर एका फटक्याचा दंड पत्करून तोच पट मूळ जागेवरून पुन्हा खेळणे शहाणपणाचे ठरते. दाट झुडपात अडकलेल्या चेंडूबाबतही असा हिशेब करता येतो. मात्र तेथे एका दंडात आणखी दोन पर्याय मिळतात. चेंडूपासून दोन क्लबच्या लांबीच्या आत, पण होलच्या अधिक जवळ नाही, अशा ठिकाणी चेंडू टाकता येतो. किंवा होल आणि चेंडू यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर मागे जाता येते. या दोन्ही मार्गांनी सुटका होत असेल, तर दोनशे यार्डांचे अंतर गमावून माघारी जाणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय.

एका फटक्याची किंमत किती असते, हे भारतीय रसिकांनी अनुभवले आहे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली. चार दिवसांच्या खेळानंतर पदक अवघ्या एका फटक्याने हुकले.

नामवंतही चुकले

सवलत आहे म्हणून ती मनमानीने वापरता येत नाही. २०१३ च्या 'मास्टर्स' स्पर्धेत दुसऱ्या फेरीत टायगर वुड्सचा पंधराव्या होलवरील तिसरा फटका थेट ध्वजदंडावर आदळला आणि चेंडू उलट फिरून पाण्यात गेला. त्याने पूर्वीच्या जागेवरून पुन्हा फटका मारण्याचा पर्याय निवडला. परंतु चेंडू मूळ जागेपेक्षा सुमारे दोन यार्ड मागे टाकला. मुलाखतीत त्याने स्वतःच ते सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याला आणखी दोन फटक्यांचा दंड झाला आणि त्या होलवरील सहाचे आठ झाले.

२०१८ च्या अमेरिकन ओपनमध्ये फिल मिकेल्सनने तर धावत जाऊन ग्रीनवरून घरंगळणारा चेंडूच टोलवला. नियमांचा आपण उपयोग करून घेतला, असे समर्थन त्याने केले. दोन फटक्यांच्या दंडासह त्या होलवर त्याचे दहा फटके झाले. टीकेचे मोहोळ उठल्यावर काही दिवसांनी त्याने माफी मागितली. वास्तविक चेंडू थांबू दिला असता, तर एकाच फटक्याच्या दंडात तो पट पुन्हा खेळण्याची सनदशीर वाट त्याच्यापुढे खुली होती.

हौशी खेळाडूंनी ध्यानात ठेवावे

मित्रमंडळींच्या खेळात पहिला फटका फसला, की दंडाविना दुसरा मारण्याची प्रथा आहे. तिला 'मलिगन' म्हणतात. नियमावलीत तिला थारा नाही. चेंडू हरवण्याची वा हद्दीबाहेर गेल्याची शंका असेल, तर तात्पुरता म्हणजे 'प्रोव्हिजनल' चेंडू खेळत असल्याचे आधी जाहीर करावे लागते. न बोलता दुसरा चेंडू मारला, तर तोच खेळातला चेंडू ठरतो आणि दंडही लागू होतो. पहिला चेंडू नंतर सुस्थितीत सापडला, तरी तो खेळता येत नाही. शोधासाठी पूर्वी पाच मिनिटे मिळत; २०१९ पासून तीनच मिळतात. हरवलेल्या वा हद्दीबाहेर गेलेल्या चेंडूसाठी माघारी न जाता, दोन फटक्यांचा दंड घेऊन फेअरवेलगत चेंडू टाकण्याची मुभा क्लबांना स्थानिक नियमाद्वारे देता येते. अव्वल दर्जाच्या स्पर्धांसाठी मात्र ती नाही.

गोल्फमध्ये बहुतेक वेळा प्रत्येक फटक्यामागे पंच उभा नसतो. चेंडू कोठून उचलला, कोठे टाकला आणि किती फटके झाले, याचा प्रामाणिक हिशेब खेळाडूनेच द्यायचा असतो. गल्लीतल्या खेळात हरणारा पोर डाव मोडू लागला, की बाकीची पोरे 'रडीचा डाव' म्हणून त्याला चिडवतात. दंडाचा फटका स्वतःहून मोजून मागे फिरणाऱ्या खेळाडूला तसे कोणी म्हणू शकत नाही. पुन्हा खेळणे आणि रडीचा डाव खेळणे यांत अंतर आहे ते त्या मोजलेल्या एका फटक्याचे.