सुंदर गावाचा खुनी हट्ट

एडगर राइट यांच्या ‘हॉट फझ’ (२००७) या चित्रपटात सँडफर्ड गावातल्या खुनांमागे एंजल हा पोलीस अधिकारी जमिनीचा मोठा व्यवहार शोधतो: नवा बायपास, चढणारे भाव, दडवलेली माहिती. हा तर्क इतका चपखल आहे की खरा खुलासा पोरकट वाटावा. नट वाईट अभिनय करतो, एका बाईचं हसणं कानाला टोचतं, कुणाचं घर गावाच्या रूपाला शोभत नाही. ‘सर्वोत्तम गाव’ हा किताब राखायला एवढ्यावरच गावातलं एक मंडळ माणसं मारतं. माझ्या मते मात्र हा क्षुल्लक हेतूच इतिहासाला अधिक धरून आहे. फुलांनी गावं सजवण्याची ‘ब्रिटन इन ब्लूम’ ही स्पर्धा पर्यटनवाढीसाठी १९६३ साली सुरू झाली. १९८२ मध्ये चेशरमधल्या मॉलिंग्टन गावी रहिवाशांनीच आपल्या परिसरावर नजर ठेवण्याची ‘नेबरहुड वॉच’ योजना आली. चित्रपटातलं मारेकरी मंडळ याच दोन हौशींची सांगड घालतं: कुंड्या आणि पाळत. विनोदी चित्रपटात एवढं काय शोधायचं, असं कुणी म्हणेल. पण अतिशयोक्तीलाही बीज लागतंच. चित्रीकरण झालं ते राइट यांच्याच वेल्स शहरात, आणि सँडफर्ड खेडं वाटावं म्हणून तिथलं भव्य कॅथेड्रल दृश्यांतून पुसून टाकलं. चित्राला न शोभणारं काढून टाकायचं, हेच तर ते मंडळही करत होतं.