७५८ मतं कमी पडली

बहुमत मिळालं म्हणजे प्रस्ताव मंजूर, असं आपण धरून चालतो. गांबियाचं उदाहरण बघा. १८ फेब्रुवारी १९६५ रोजी हा देश स्वतंत्र झाला, पण राष्ट्रप्रमुख ब्रिटनची राणीच राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रजासत्ताकासाठी सार्वमत झालं. बाजूने ६१,५६८ मतं, विरोधात ३१,९२१. तरी प्रस्ताव पडला! अट दोन-तृतीयांश मतांची होती आणि ७५८ मतं कमी पडली.

आता लगेच ‘३१,९२१ लोक राजनिष्ठ होते’ असं लिहून मोकळे होऊ नका. प्रस्ताव नुसता राणीला हटवण्याचा नव्हता. तिच्या जागी कार्यकारी अधिकार असलेला राष्ट्राध्यक्ष येणार होता. मग विरोधी मतांत राणीवरची निष्ठा किती आणि पंतप्रधान दावदा जावारांच्या हाती सत्ता एकवटण्याची धास्ती किती? नुसत्या आकड्यांवरून हे कळत नाही.

१९७०च्या दुसऱ्या सार्वमतात सुमारे ७० टक्के मतं मिळाली. २४ एप्रिलला गांबिया प्रजासत्ताक झाला, जावारा राष्ट्राध्यक्ष झाले आणि थेट १९९४च्या लष्करी उठावापर्यंत राहिले.

म्हणून सार्वमताचा निकाल वाचताना आधी प्रस्ताव वाचा. कोण जाणार हे तर बघाच, पण त्याची सत्ता कोणाकडे जाणार, हेही तपासा.