न पाहिलेला तुर्क

1933 साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात डॅनियल कॅट्झ आणि केनेथ ब्रॅली या मानसशास्त्रज्ञांनी शंभर विद्यार्थ्यांपुढे 84 विशेषणांची यादी ठेवली. जर्मन, इटालियन, ज्यू, चिनी, तुर्क, निग्रो असे दहा समाज दिले आणि कोणत्या समाजाला कोणती विशेषणे शोभतात ते विचारले. ('निग्रो' हा त्या काळचा शब्द मी तसाच ठेवला आहे.) निग्रोंना 84 टक्के विद्यार्थ्यांनी अंधश्रद्धाळू ठरवले, 75 टक्क्यांनी आळशी.

या आकड्यांपेक्षा मला जास्त बोलका वाटतो तो तुर्क. 47 टक्के विद्यार्थ्यांनी त्याला 'क्रूर' म्हटले. यातल्या बहुतेकांचा तुर्कांशी कधी संबंधही आला नव्हता. कृष्णवर्णीय सहाध्यायी त्यांना माहीत नव्हता, कारण प्रिन्स्टनची दारे तेव्हा त्यांना जवळजवळ बंदच होती.

पूर्वग्रहाचा उगम आपण सहसा अनुभवात शोधतो. एखाद्याचा वाईट अनुभव आला, तो त्याच्या साऱ्या जमातीला चिकटवला. थोडक्यात, शितावरून भाताची परीक्षा. प्रिन्स्टनमध्ये मात्र शीत हाती नसतानाच परीक्षेचा निकाल लागला होता, आणि तोही बऱ्याच जणांचा सारखाच.

हा सारखेपणा कोठून येतो? वॉल्टर लिपमन यांनी 1922 साली 'पब्लिक ओपिनियन' या ग्रंथात त्यासाठी 'स्टीरिओटाइप' हा शब्द छापखान्यातून उचलला. जुळवलेल्या खिळ्यांच्या अख्ख्या पानाचा साचा घेऊन त्यावरून धातूचा एकसंध पत्रा ओततात, तो हा स्टीरिओटाइप. मग त्याच पानासाठी खिळे पुन्हा जुळवावे लागत नाहीत. घरात, शाळेत, वर्तमानपत्रांत, विनोदांत असे पत्रे तयारच असतात. माणूस समोर येण्याआधी त्याचे वर्णन छापून झालेले असते.

1946 साली प्रसिद्ध झालेल्या यूजीन हार्टली यांच्या संशोधनाने हे आणखी स्पष्ट केले. विविध समाजांविषयी विद्यार्थ्यांचे मत विचारताना त्यांनी यादीत तीन बनावट नावे घातली : डॅनिरियन, पिरेनियन आणि वॅलोनियन. ज्यांना ज्यू आणि कृष्णवर्णीय दूर हवे होते, त्यांना सहसा हे अस्तित्वातच नसलेले लोकही दूर हवे होते. म्हणजे द्वेषाचे कारण द्वेष्याच्या वागण्यात शोधण्यात अर्थ नाही. तपासायचे ते द्वेष करणाऱ्याचे मन, आणि ते घडवणारा समाज.

प्रिन्स्टनची चाचणी पुढे 1951 आणि 1969 मध्ये पुन्हा झाली. 'आळशी' म्हणणारे 75 टक्क्यांवरून 31 वर आणि नंतर 26 वर आले. 1951 मध्ये तर अनेक विद्यार्थ्यांनी अशी विशेषणे लावण्यालाच हरकत घेतली. यात खरे परिवर्तन किती आणि चारचौघांत काय बोलू नये याची जाण किती, हे आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. तरी संकोच वाटू लागणे हीसुद्धा मला छोटी गोष्ट वाटत नाही. पत्रा पुन्हा वितळवता येतो, एवढे तरी त्यातून दिसते.

मात्र विशेषण कायद्यात ओतले गेले, की ते वितळवणे कठीण होते. याचा दाखला शोधायला अमेरिकेत जावे लागत नाही. आपल्याकडे प्रश्न वंशाचा नव्हता, पण जन्मावरून स्वभाव ठरवण्याची रीत तीच होती. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. 1911 च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही लागू करता आला. हजेरी, परवाने, तारेच्या कुंपणातल्या वसाहती हे सारे त्या एका विशेषणामागून आले. सोलापूरच्या सेटलमेंटचे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. चोरी कोणी केली हे पुराव्याने ठरवण्याआधीच चोर कोण हे जमातीच्या नावावरून ठरलेले असे.

कायदा 1952 साली रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, 1987 साली, लक्ष्मण गायकवाड यांचे आत्मकथन आले. त्याचे नाव त्यांनी 'उचल्या' ठेवले. जे विशेषण इतरांनी चिकटवले, तेच त्यांनी मुखपृष्ठावर छापले आणि आत त्या नावामागची माणसे दाखवली. प्रिन्स्टनच्या त्या 84 विशेषणांच्या कागदावर तुर्काला अशी जागा नव्हती.