विजेची तालवाद्ये आणि आपला संग्रह

जुनी वाद्ये जपावीत याविषयी आपल्या समाजात दुमत नाही. पायपेटी नादुरुस्त झाली, पखवाजाची पुडी फाटली, तरी ते वाद्य माळ्यावर सन्मानाने ठेवले जाते. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्य वेचून जो वस्तुसंग्रह उभा केला, त्यात वाद्यांस स्वतंत्र स्थान मिळाले, ते याच भावनेतून. विजेवर चालणाऱ्या तालवाद्यांच्या वाट्याला मात्र ही माया अद्याप आलेली नाही. बिघडलेला ऑक्टोपॅड थेट भंगारवाल्याकडे जातो. ही वाद्येही आता इतिहासजमा होण्याइतकी वयस्क झाली असल्याने त्यांचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या वाद्यांची वंशावळ फार जुनी नाही. १९५९ साली अमेरिकेतील वुर्लिट्झर कंपनीने ऑर्गनवादकाच्या साथीसाठी ‘साइड मॅन’ नावाचे तालयंत्र विक्रीस आणले. पुढे १९८० साली दोन भिन्न वाटा फुटल्या. रॉजर लिन यांच्या ‘एलएम-१’ यंत्राने खऱ्या ड्रमचे मुद्रित ध्वनी चिपमध्ये साठवले. जपानच्या रोलँड कंपनीच्या ‘टीआर-८०८’ने ते विद्युत्‌मंडलातून कृत्रिमरीत्या निर्माण केले. १९८१ साली इंग्लंडमधील सिमन्स कंपनीचा ‘एसडीएस-५’ आला. त्याच्या षट्‌कोनी पाट्या इतक्या कठीण होत्या की वादकांची मनगटे दुखत. ‘८०८’ची कथा तर संग्राहकांस विशेष प्रिय आहे. त्यात सदोष ठरवून बाजूला काढलेले ट्रान्झिस्टर मुद्दाम वापरले होते. त्यांच्या खरखरीनेच त्या आवाजास वेगळेपण आले. निर्मितीतंत्र सुधारले, सदोष भाग मिळेनासे झाले आणि १९८३ साली यंत्राचे उत्पादनच थांबले. अशी सुमारे १२,००० यंत्रे बनली. आज जगभर त्यांस मोठी किंमत येते.

हे यंत्र आपल्या देशात आले नाही असे नाही. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत रोलँडची तीन यंत्रे जुळवून दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. तालासाठी ‘८०८’च होते. त्या काळी तिची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० साली परदेशात तिचे पुनःप्रकाशन झाले, तेव्हा शिकागोच्या नृत्यसंगीताच्या काही वर्षे आधी मुंबईत असे काम झाले होते हे पाहून जाणकार चकित झाले. मुद्रिका उरली म्हणून हा न्याय मिळाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्या मुलखाचा इतिहास याहून निराळा आहे. आपल्याकडे खरा रुळला तो ऑक्टोपॅड. रोलँडने १९८५ साली आठ पाट्यांचे ‘पॅड-८’ काढले. त्यास स्वतःचा आवाजच नव्हता! पाटीवरील आघाताचे विद्युत्‌संकेतात रूपांतर व्हावे आणि आवाज जोडलेल्या दुसऱ्या यंत्रातून यावा, अशी त्याची रचना होती. पुढच्या ‘एसपीडी’ मालिकेत ध्वनी आतच साठवले गेले. मग एका वादकास एका स्टँडवर ड्रम, कोंगो, घुंगरू असे सारे वाजवता येऊ लागले. वाद्यवृंदास प्रवासात सामान कमी झाले. काही ताशेवाल्यांची, झांजवाल्यांची मजुरीही कमी झाली, हेही नमूद केले पाहिजे.

बालाघाटहून वैनगंगा जशी खाली उतरते, तसा झाडीपट्टीचा मुलूख लागतो. १९५६ साली प्रांतरचनेने आपला जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, भंडारा-चांदा मुंबई राज्यात गेले. नदी आणि बोली मात्र सीमा मानत नाहीत. धानाची कापणी उरकली की वडसा परिसरातील नाटक मंडळ्या रात्रभर चालणारी नाटके गावोगाव नेतात. त्या नाटकांच्या साथीस ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड बसतात. ऑर्गनही एकेकाळी परकाच होता. गंधर्व नाटक मंडळीच्या रंगमंचापुढे तो तबल्याशेजारी बसला आणि दोन पिढ्यांत आपला झाला. ऑक्टोपॅडचे तेच झाले आहे. २०२३ साली परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीच्या नटांचा गौरव झाला; साथीदारांच्या वाद्यांची नोंद अजून व्हायची आहे.

आता संग्रहाचा प्रश्न. पखवाज मुका झाला तरी पुडी चढवून पुन्हा बोलता करता येतो. विजेच्या वाद्याचे तसे नाही. वादकाने वर्षानुवर्षे जुळवलेली ध्वनींची मांडणी यंत्राच्या स्मृतीत असते आणि जुन्या यंत्रांत ती स्मृती एका लहानशा बॅटरीवर जगते. बॅटरी संपली की मांडणी पुसली जाते. उरते ते केवळ कवच. म्हणून दोन ऑक्टोपॅड एकाच नमुन्याचे असले तरी ते एक नव्हेत. परदेशी संग्राहक यंत्राचा क्रमांक आणि मूळ खोके पाहतो. आपण त्यावर कोणाचा हात फिरला हे पाहिले पाहिजे.

आमची सूचना साधी आहे. ज्या घरी असे वाद्य असेल, तेथे ते विकण्यापूर्वी सुरू करून त्यातील प्रत्येक मांडणी ध्वनिमुद्रित करावी. बॅटरी संपण्याआधी मांडणीची कागदावर नोंद करावी, मगच बॅटरी बदलावी. कोणी, कोणत्या मंडळीत, कोणत्या नाटकास किंवा उत्सवास ते वाजवले, याची चिठ्ठी वाद्यास बांधावी. वादक हयात असेल तर त्याच्याकडूनच हे लिहून घ्यावे. आजोबांच्या पखवाजाविषयी आपण जे विचारायचे राहून गेलो, ते या वाद्यांविषयी अजून विचारता येते.