बंदरातील गर्दी



सुगीच्या दिवसांत चार घरांत मिळून खळं एकच असलं म्हणजे काय होतं, हे तुम्हांला सांगायला नको. एकाची रास उचलल्याखेरीज दुसऱ्याच्या पेंढ्या तिथं पडत नाहीत. मळणीला आणखी दोन बैल जुंपून काही भागत नाही; धान्य घरी नेणारी गाडी वेळेवर यावी लागते. मुंबई बंदराचा दीडशे वर्षांचा इतिहास हा पुष्कळसा याच अडचणीचा इतिहास आहे.

मुंबईला निसर्गाने खोल आणि आडोशाचं पाणी दिलं, पण बोटीतला माल काठावर आणायची सोय दिली नाही. मोठी जहाजं मध्यावर नांगरून राहत. माल पडावात उतरवायचा, भरतीच्या बेतानं पडाव बंदराला लावायचा आणि हमालांनी तो डोक्यावर वाहून न्यायचा. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा ही रीत पुरी पडेना. पुढं 1869 साली सुएझचा कालवा खुला झाला, आणि आगबोटींची ये-जा वाढली. आगबोट नुसती उभी राहिली तरी खर्च चालूच. तिला थांबणं परवडत नाही.

त्यातून काठावरच्या मोक्याच्या जागा एल्फिन्स्टन नावाच्या खाजगी कंपनीच्या हाती होत्या. सगळा व्यापार एका कंपनीच्या मर्जीवर राहणार, हे ध्यानात आल्यावर सरकारनं तिची मालमत्ता विकत घेतली आणि 1873 साली पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. माझ्या मते मुंबई बंदराच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. धक्के, वखारी आणि रस्ते यांचा एकत्र विचार करणारा कोणी तरी धनी त्यामुळं झाला.

मग गोद्या झाल्या. 1880 साली प्रिन्सेस डॉक, 1888 साली व्हिक्टोरिया डॉक. या दोन्ही गोद्यांची दारं भरतीच्या सुमारासच उघडत. भरती चुकली की बोट बाहेर आणि माल आत, असा प्रकार. 1914 साली अलेक्झांड्रा डॉक तयार झाला (आज त्याला इंदिरा डॉक म्हणतात). त्याच्या तोंडाशी दोन दारांमध्ये पाण्याचं दालन बांधलं, त्यामुळं भरतीची वाट पाहण्याचा जाच पुष्कळ कमी झाला.

पण नुसती गोदी वाढवून भागणार नाही, हे त्या वेळच्या इंजिनियरांना उमगलं होतं. 1908 ते 1912 या वर्षांत माझगाव-शिवडीकडचं खाजण भरून काढलं. तिथं वखारींना जागा झाली, पुढं कुलाब्याचा कापसाचा बाजारही तिकडेच गेला. कॉटन ग्रीन हे स्टेशनचं नाव त्याचीच खूण. 1915 पासून बंदराची स्वतःची रेल्वे धावू लागली आणि गोदीतला माल थेट देशभरच्या रुळांवर चढू लागला. खळ्यावरची रास उचलायला गाडी आली, असं म्हणा ना!

ही घडी विस्कटली म्हणजे काय होतं, ते 1944 साली दिसलं. युद्धाचे दिवस. स्फोटकं घेऊन आलेल्या बोटीनं गोदीत शिरायचं नाही, बाहेरच पडावात माल उतरवायचा, असा शांततेच्या काळचा नियम होता. घाईगर्दीत तो सैल झाला. 'फोर्ट स्टायकिन' ही बोट 12 एप्रिलला व्हिक्टोरिया डॉकमध्ये आली. पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं, आणि त्याच बोटीत कराचीला भरलेल्या कापसाच्या गाठी! स्फोटकं उतरवून घ्यायला पडाव लगेच मिळाले नाहीत. 14 तारखेला दुपारी कापूस पेटला आणि चारच्या सुमारास पाठोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसं गेली. आग विझवायला धावलेले साठांहून अधिक जवान त्यांत होते. गोदी पूर्ववत चालू करायला सुमारे सात महिने लागले. 14 एप्रिलला शाळेत अग्निशमन दिनाची माहिती सांगताना शिक्षकांनी पडावांची ही गोष्टही मुलांना जरूर सांगावी.

स्वातंत्र्यानंतर गोदी कामगारांचाही प्रश्न पुढं आला. बोट आली तर काम, नाही तर उपास, अशी त्यांची स्थिती होती. 1948 च्या कायद्यानं त्यांच्या नोंदणीची आणि कामाच्या शाश्वतीची वाट मोकळी केली. परदेशी धान्याची जहाजं येऊ लागली तेव्हा अडचण पुन्हा जाणवली. मोकळं धान्य पावसात उतरवता येत नाही, आणि मुंबईचा पाऊस तर तुम्हांला ठाऊकच आहे. शहरानं गोद्यांना तिन्ही बाजूंनी वेढलं होतं; हातपाय पसरायला जागा कुठली?

तेव्हा नजर गेली खाडीपलीकडे, उरणजवळच्या न्हावा-शेव्याकडे. तिथं जागा होती खरी, पण ती मोकळी नव्हती. भातखाचरं, मिठागरं, मासेमारी यांवर गावं जगत होती. नवी मुंबई आणि बंदर यांसाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी योग्य मोबदल्यासाठी उभे राहिले. जानेवारी 1984 मध्ये गोळीबार झाला आणि पाच जण प्राणांस मुकले. गेलेल्या जमिनीपोटी साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची तरतूद या लढ्यातून आली. मुंबईच्या गर्दीचा भार कुणाच्या शिवारावर पडला, हे नकाशावर दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

न्हावा-शेवा बंदर 1989 साली सुरू झालं. आता माल लोखंडी पेट्यांतून येतो आणि याऱ्या त्या भराभर उचलतात. तरी पेटी बोटीतून उतरली म्हणजे काम संपलं नाही. ती आवाराबाहेर पडेपर्यंत जागा अडलेलीच. म्हणून 2016 च्या सुमारास आयातदारानं पेटी परस्पर बंदरातूनच न्यावी, ही पद्धत तिथं वाढवण्यात आली. आणि इकडे मुंबईला, ज्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्यांत एके काळी आगबोटी भरतीची वाट पाहत, त्या गोद्यांचं पाणी बुजवून टाकलं. पेट्या रचायला जागा हवी होती.