अपोलो ११ आणि पूर्वतयारीची परंपरा
संगणक कधीच बिघडणार नाही अशी आशा बाळगण्याऐवजी तो अडखळल्यावर काय करायचे हे आधीच ठरवून ठेवावे, ही तंत्रज्ञान-संचालनातील शिस्त अपोलो मोहिमांमध्ये ठळकपणे दिसून येते. एमआयटीच्या प्रयोगशाळेत हॅल लॅनिंग यांनी आखलेल्या कार्यनियोजकात, म्हणजे कोणते काम आधी करायचे हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, प्रत्येक कामाला अग्रक्रम दिलेला होता. त्यामुळे भार असह्य झाल्यास यानावरील संगणक स्वतःला पुन्हा सुरू करी आणि अत्यावश्यक कामेच पुढे नेई. जुलै १९६९च्या आरंभी ह्यूस्टन येथील सरावात संगणकावरील अशाच अतिभाराच्या एका इशाऱ्यावरून नियंत्रकांनी चंद्रावतरण अकारण रद्द केले, तेव्हा उड्डाण-संचालक जीन क्रान्झ यांनी अशा सर्व इशाऱ्यांसाठी नियम तयार करवून घेतले आणि जॅक गार्मन यांनी त्यांची हस्तलिखित यादी केली. २० जुलै रोजी प्रत्यक्ष अवतरणात १२०२ हा इशारा उमटला, परंतु त्या तयारीच्या बळावर गार्मन आणि मार्गदर्शन-अधिकारी स्टीव्ह बेल्स यांनी अल्पावधीतच पुढे जाण्याचा कौल दिला. यंत्राची सहनशीलता आणि माणसांची पूर्वतयारी यांची ही सांगड हाच विश्वासार्ह संचालनाचा खरा वारसा होय.